पाणीपुरवठा मंत्र्यांना खुले पत्र : खामची यमुना होऊ देऊ नका

प्रति,
माननीय पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : छत्रपती संभाजीनगरला जायकवाडीचे वाढीव पाणी देताना खाम नदी, नहरी (जमिनीखालच्या जुन्या जलवाहिन्या) व बारवा यांचे संरक्षण करण्याबाबत.

माननीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी छत्रपती संभाजीनगरच्या बेगमपुरा भागात राहते. तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले आहे. नद्या, तलाव, बारवा आणि त्यांच्या काठची झाडे पाहत हिंडणे हा माझा जुना छंद आहे. धाकटी बहीण नोकरीनिमित्त दिल्लीत असते, म्हणून गेल्या फेब्रुवारीत सचखंड एक्स्प्रेसने मी तिच्याकडे गेले आणि नऊ दिवस राहिले. लाल किल्ला आणि कुतुबमिनार पूर्वीच पाहिलेले होते, त्यामुळे या वेळी देशाची राजधानी पाणी कोठून आणते, कसे वापरते आणि वापरलेले कोठे सोडते, एवढेच पाहायचे ठरवले होते. मेट्रो, बस आणि पायी अशी मी हिंडले. परत आल्यावर, आमच्या शहरासाठी जायकवाडीहून जी मोठी जलवाहिनी येत आहे तिच्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले, आणि त्या योजनेचे काम आपल्या खात्याशी निगडित असल्यामुळे हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी वझीराबादला गेले. तेथे यमुनेवर १९५९ साली बांधलेला बंधारा आहे. त्याच्या वरच्या अंगाला पाणी रुंद पसरलेले होते, त्यावर हिवाळ्याला आलेले पांढरे कुरव पक्षी थव्याने बसत होते आणि उठत होते, आणि क्षणभर मला पैठणला नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठी उभी असल्यासारखे वाटले. बंधाऱ्याच्या खाली थोड्याच अंतरावर नजफगढचा नाला नदीला येऊन मिळतो. तो नेमका कोठे मिळतो, असे मी रिक्षावाल्याला विचारले, तेव्हा त्याने समोरच्या काळ्या, संथ पाण्याकडे हात करून ‘यही तो है’ म्हटले. नाला कोणता आणि नदी कोणती, हे त्याने वेगळे सांगितले नाही, आणि पाण्याकडे पाहून मलाही ते सांगता आले नसते. पाण्यावर तेलकट साय होती, तळातून बुडबुडे येऊन फुटत होते आणि काठच्या दगडांवर काळ्या चिखलाचा थर जिथपर्यंत पाणी चढले होते तिथपर्यंत रेघ ओढल्यासारखा बसला होता.

महोदय, हा नजफगढचा नाला मुळात नाला नाही. ती साहिबी नावाची नदी आहे. अरवलीत उगम पावून राजस्थान व हरियाणातून ती दिल्लीत येते, आणि दिल्लीच्या नकाशावर तिचे नाव आज नाला असे आहे. हे ऐकून मला पोटात खड्डा पडल्यासारखे झाले, कारण आमच्या शहरातील नव्या वसाहतींत वाढलेली मुले खामलाही नालाच म्हणतात. माझ्या वर्गात दर वर्षी एखादा विद्यार्थी हमखास विचारायचा, ‘बाई, खाम ही खरोखर नदी आहे का?’

यमुना १,३७६ किलोमीटर वाहते. वझीराबाद ते ओखला हा तिचा दिल्लीतील २२ किलोमीटरचा टप्पा एकूण लांबीच्या दोन टक्क्यांहूनही कमी भरतो, पण नदीच्या एकूण प्रदूषणाचा सुमारे तीन चतुर्थांश भार याच टप्प्यात पडतो. उन्हाळ्यात वझीराबादच्या खाली नदीचे स्वतःचे पाणी जवळजवळ उरत नाही, जे वाहते ते मुख्यतः शहराचे सांडपाणी असते. मग दिल्ली पिते काय? हरियाणातून मुनक कालव्याने यमुनेचेच पाणी वरच्या वर उचलून आणले जाते, गंगेचे पाणी मुरादनगरमार्गे सोनिया विहारच्या शुद्धीकरण केंद्रात येते, आणि भाक्रा-बियासचे पाणीही राजधानीच्या वाट्याला येते. म्हणजे दिल्लीच्या घराघरांतील नळाला हिमालयाच्या पायथ्यापासूनचे पाणी आहे, आणि ज्या नदीच्या काठी हे शहर वसले ती नदी त्या शहराला फक्त घाण वाहून नेण्यापुरती लागते. दुरून पुरेसे पाणी येऊ लागले की गावातल्या पाण्याशी असलेली लोकांची गरज तुटते, आणि गरज तुटली की राखण संपते. आमच्या शहरात हीच गोष्ट अर्धी घडून गेली आहे, आणि नव्या जलवाहिनीनंतर ती पुरी होईल अशी मला रास्त भीती वाटते.

दूरच्या पाण्यावर विसंबलेल्या या राजधानीतही सर्वांना पाणी मिळते असे नाही. बहिणीच्या सोसायटीत नळ चोवीस तास असला तरी तिच्याकडे कामाला येणाऱ्या ताई ज्या वस्तीत राहतात तेथे टँकर येतो. एका दुपारी मी त्यांच्याबरोबर गेले. टँकर थांबण्याआधीच मुलांनी त्यावर चढून प्लास्टिकच्या नळ्या आत सोडल्या होत्या, प्रत्येक नळीचे दुसरे टोक कोणा ना कोणाच्या ड्रममध्ये होते, आणि आपली नळी कोणी उपसून काढू नये म्हणून एक आजी टाकीच्या तोंडाशी हात धरून उभ्या होत्या. हे दृश्य पाहायला मराठवाड्यातल्या बाईला दिल्लीला जावे लागत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हाच्या घागरी आणि ड्रमांच्या रांगा आम्ही विसरलेलो नाही.

जुन्या यमुना पुलावर, ज्याला तेथे सगळे ‘लोहे का पुल’ म्हणतात, मी एक संध्याकाळ घालवली. हा पूल १८६६ सालचा आहे आणि दिल्लीच्या पुराची पातळी आजही येथेच मोजतात. धोक्याची पातळी २०५.३३ मीटर आहे. जुलै २०२३ मध्ये पाणी २०८.६६ मीटरपर्यंत चढले आणि १९७८ चा विक्रम मोडला. काश्मिरी गेट, रिंग रोड, राजघाटाचा परिसर पाण्याखाली गेला. ज्या पूरमैदानावर शहराने भराव टाकले, रस्ते नेले आणि इमारती उभ्या केल्या, तेथेच नदी परत आली होती. मी पुलावर असताना एका मध्यमवयीन बाईंनी रिक्षा थांबवून कठड्यापाशी येऊन प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले निर्माल्य खाली टाकले आणि नंतर डोळे मिटून बराच वेळ हात जोडले. पिशवी पाण्यावर तरंगत राहिली. त्या बाईंची श्रद्धा खोटी नव्हती. नदीला आई मानणारी ती बाई नदीचे पाणी तोंडात घेऊ शकत नाही, घरातील कोणालाही घेऊ देणार नाही, आणि तिला त्यात काही विपरीत वाटेनासे झाले आहे, याचे मला वाईट वाटले.

बहिणीचे घर खिडकी गावाच्या जवळ आहे, आणि तेथून पायी जाण्याजोगे सातपुला नावाचे चौदाव्या शतकातील धरण आहे. सात मुख्य कमानींच्या दारांतून पाणी अडवण्याची व सोडण्याची सोय केलेली ही बांधणी मुहम्मद तुघलकाच्या काळची आहे. मराठवाड्यात आपण या सुलतानाला १३२७ साली दिल्लीची राजधानी उचलून देवगिरीला आणणारा म्हणून ओळखतो. त्याच सुलतानाच्या काळात दिल्लीत पावसाचे पाणी अडवण्यासाठी असे भक्कम काम झाले होते, हे मला तेथे उभी राहीपर्यंत ठाऊक नव्हते. आज कमानी शाबूत आहेत, पण अडवायला पाणी नाही. खालच्या मैदानात मुले क्रिकेट खेळत होती. अलाउद्दीन खिलजीने सिरी शहरासाठी खोदलेला आणि पुढे फिरोजशहा तुघलकाने दुरुस्त केलेला हौज खासचा तलाव आणि इल्तुत्मिशाचा हौज-ए-शम्सी हेही मी पाहिले. आठशे वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्यांना राजधानी वसवताना पहिला प्रश्न पावसाचे पाणी कोठे थांबवायचे हा पडत होता, एवढे मला त्या तलावांच्या काठावर स्पष्ट दिसले.

निजामुद्दीनच्या बावलीबद्दल मात्र थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण तेथे मला आशा दिसली. बावली म्हणजे आपल्याकडची बारव. या बारवेची एक भिंत २००८ साली कोसळली. तोपर्यंत शेकडो वर्षांचा गाळ आणि कचरा तळाशी साचला होता. नंतर दुरुस्ती झाली, गाळ उपसला गेला, आणि खालचे झरे अजून जिवंत असल्याचे दिसले. मी गेले तेव्हा पायऱ्यांवर शेवाळ होते, पाणी हिरवट पण स्थिर होते आणि भोवतालच्या घरांच्या खिडक्या थेट त्यावर उघडत होत्या. परभणी जिल्ह्यातील वालूरची चक्राकार बारव मी पाहिलेली आहे. मराठवाड्याच्या गावोगावी अशा बारवा आहेत, त्यांतील कित्येक काटेरी झुडपांखाली झाकल्या गेल्या आहेत. राजधानीतल्या इतक्या दाट वस्तीत झरा जिवंत राहू शकत असेल, तर आमच्या बारवा आटल्या म्हणून बुजवून टाकण्याचे कारण उरत नाही.

दुसरी आशा मला जगतपूर गावाजवळच्या यमुना जैवविविधता उद्यानात दिसली. या एका ठिकाणी मी दोनदा गेले. सुमारे ४५७ एकरांची ही जमीन पूर्वी क्षारपड आणि ओसाड होती. २००२ पासून दिल्ली विकास प्राधिकरण आणि दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञ यांनी तेथे यमुनेच्या पूरमैदानाची पाणथळ जागा आणि नदीकाठचे मूळचे गवत व झाडे पुन्हा उभी केली. ज्या वेड्या बाभळीने दिल्लीच्या टेकड्या व्यापल्या आहेत, आणि आपल्याकडे गायराने व तलावांचे काठ व्यापले आहेत, तिला हटवून हे रान वाढवावे लागले. पहाटे धुक्यात मी लालसरी बदकांचा मोठा थवा तेथे पाहिला, तांबूस डोकी आणि लाल चोची धुक्यातूनही ओळखू येत होत्या. वझीराबादचे काळे पाणी तेथून फार दूर नाही. नदी तीच, महानगर तेच, सरकारी यंत्रणाही त्याच देशातल्या. फरक इतकाच होता की एका ठिकाणी जमीन पाण्यासाठी राखून ठेवली गेली.

दिल्लीला काही करून दाखवता येत नाही, असेही म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली आदेश दिला आणि २००२ च्या अखेरीस त्या शहरातील सार्वजनिक बस सीएनजीवर धावू लागल्या. यमुनेच्या बाबतीत मात्र यमुना कृती योजना १९९३ पासून चालू आहे, आणि तीन दशकांनंतरही ओखल्याला फेस तरंगतो. नदी एकदा पुरती गटार झाली की तिला परत आणणे किती महाग आणि किती लांबणारे असते, याचा हा हिशोब आपल्यासमोर आहे. आम्हाला तो हिशोब पुन्हा मांडायचा नाही.

आता आमच्या शहराकडे येते. जायकवाडीच्या जलवाहिनीला माझा विरोध नाही, हे मी अगदी आरंभी सांगायला हवे होते. आमच्या भागात वर्षानुवर्षे कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी आले आहे. पाणी येण्याचा दिवस असेल तेव्हा पाहुण्यांना बोलवायचे नाही, बाहेरगावी जायचे नाही, पहाटे उठून मोटर लावायची, आधी पिण्याचे भांडे, मग टाकी, मग ड्रम, मग बादल्या, असा क्रम घरातील लहान मुलालाही पाठ असतो. १९७६ साली पूर्ण झालेल्या, सुमारे १०२ टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेच्या धरणापासून पन्नासेक किलोमीटरवर राहूनही ही स्थिती असावी, ही गोष्ट सहन करण्यापलीकडची आहे. अडीच मीटर व्यासाच्या त्या जलवाहिनीतून पुरेसे पाणी लवकरात लवकर यावे, अशीच प्रत्येक घरातल्या बाईप्रमाणे माझीही इच्छा आहे.

परंतु महोदय, नगरपाणीपुरवठ्याचे आराखडे करताना आपलेच अभियंते असे धरून चालतात की पुरवलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. पुरवठा कित्येक पटींनी वाढेल, त्याच प्रमाणात सांडपाणीही वाढेल, आणि ते खाम आणि सुखना या शहरातील नद्यांतच उतरेल. जटवाड्याच्या डोंगरांतून निघालेली खाम हर्सूल, बेगमपुरा, छावणी असे शहर ओलांडून पुढे गोदावरीकडे जाते आणि तिचे पाणी नाथसागराला मिळते. म्हणजे जे पाणी आपण नाथसागरातून उचलणार, तेच वापरून, शुद्ध न करता सोडले तर पुन्हा नाथसागरातच जाणार. दिल्लीची घाण निदान दिल्लीच्या खाली वाहून जाते, आमची घाण आमच्याच पिण्याच्या पाण्यात परत येईल. ज्या जलाशयावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि ज्याला १९८६ साली पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला, त्याच्या तोंडाशी ही भर पडेल. गेल्या काही वर्षांत महानगरपालिका आणि नागरिक यांनी मिळून खामच्या पात्रातील कचरा काढण्याचे, काठ मोकळे करण्याचे आणि झाडे लावण्याचे मनापासून काम केले आहे, आणि ते डोळ्यांना दिसते. सांडपाण्याचा लोंढा वाढला तर तेही वाहून जाईल.

आणि नहरी. १६१० साली मलिक अंबरने खडकी, म्हणजे आजचे आमचे शहर, वसवली, तेव्हा डोंगरातले झिरपणारे पाणी जमिनीखालून मातीच्या आणि दगडी वाहिन्यांनी, केवळ उताराच्या आणि दाबाच्या बळावर शहरात आणले गेले. त्यात ना पंप होता ना वीज. पुढे अठराव्या शतकात पाणचक्की त्याच तंत्रावर फिरू लागली. मी लहान असताना आमच्या गल्लीच्या टोकाला नहरीचे एक झरोक्याचे बांधकाम होते. उन्हाळ्यात दुपारी आम्ही मुली त्याच्या भोकाला कान लावायचो, आतून गार हवा यायची आणि खोल कोठेतरी पाणी वाहत असल्याचा आवाज यायचा. आज तेथे गाड्या उभ्या करण्यासाठी फरशी घातली आहे. जी वाहिनी चारशे वर्षे टिकली ती एखाद्या इमारतीच्या पायाखाली, एखाद्या रस्त्याच्या खोदकामात एका दिवसात फुटते, आणि ती फुटल्याचे खोदणाऱ्याला कळतही नाही, कारण ती नेमकी कोठून जाते याचा नकाशा त्याच्या हातात नसतो.

म्हणून आपल्याकडे माझी मागणी अशी आहे. जलवाहिनीच्या प्रत्येक टप्प्याबरोबर तितक्याच क्षमतेचे सांडपाणी शुद्धीकरण चालू झाल्याशिवाय तो टप्पा पूर्ण झाला असे मानू नये. नळजोडणी आणि गटारजोडणी एकाच आदेशात असावी. शुद्ध केलेले पाणी वाळूजच्या कारखान्यांना आणि शहरातील उद्यानांना सक्तीने द्यावे, म्हणजे त्यांच्यासाठी पिण्याचे पाणी खर्च होणार नाही. खामची निळी आणि लाल पूररेषा जागेवर खांब रोवून दाखवावी, केवळ कागदावर ठेवू नये, आणि त्या रेषेच्या आतील बांधकामांना यापुढे परवानगी मिळू नये. नहरींचे सर्वेक्षण करून त्यांचा नकाशा प्रत्येक बांधकाम परवानगीशी जोडावा. नाथसागराला मिळण्यापूर्वी खामचे पाणी कसे आहे याची तपासणी दर आठवड्याला व्हावी आणि तिचा निकाल वृत्तपत्रांत, मराठीत, सामान्य माणसाला समजेल अशा शब्दांत यावा. कचऱ्याचा विषय मी येथे मुद्दाम लांबवत नाही, पण १९८४ पासून साठत गेलेला आणि ६५ मीटर उंचीपर्यंत पोहोचलेला दिल्लीतील गाझीपूरचा कचऱ्याचा डोंगर पाहिल्यावर, २०१८ साली नारेगावच्या गावकऱ्यांनी आपल्या उशाशी साठणारा कचरा का अडवला हे मला नव्याने समजले. कचऱ्यातून झिरपणारे पाणीही शेवटी आडांत आणि बोअरमध्येच उतरते.

आपल्या खात्यापुढे निधीच्या, मंजुरीच्या आणि वेळेच्या अडचणी असतात, याची मला जाणीव आहे. पाणी आधी द्या, सांडपाण्याचे नंतर पाहू, असा आग्रह आमच्यातलेच लोक आपल्याकडे धरतील. तेव्हा आपण त्यांना वझीराबादचा बंधारा आणि त्याखालचे काळे पाणी यांचे उदाहरण द्यावे, एवढी विनंती आहे.

आमच्याही शहरात छावणीत खामवर एक लोखंडी पूल आहे. पावसाळ्यापूर्वी आपण एक सकाळ आम्हाला द्यावी. हर्सूलच्या तलावापासून त्या पुलापर्यंत आम्ही काही नागरिक आपल्याबरोबर नदीच्या काठाने पायी चालू, आणि वाटेत कोणते नाले कोठे मिळतात, कोणत्या नहरीचे झरोके अजून उघडे आहेत, हे जागेवर दाखवू. दिवस आणि वेळ आपण कळवावी.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
बेगमपुरा, छत्रपती संभाजीनगर